संस्थापकाचा स्वभाव आणि संस्थेची रीत : किर्लोस्करवाडी व प्रभात यांचा तौलनिक विचार

प्रास्ताविक

पुण्याच्या शनिवार पेठेत उद्योगाचा इतिहास सहसा कोणी शोधत नाही. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला आणि १८२८ च्या आगीत आतून भस्मसात झालेला शनिवारवाडा, भोवतालची देवळे, शाळा, पुस्तकांची दुकाने आणि नोकरदार मध्यमवर्गाची घरे अशीच या पेठेची ओळख आहे. परंतु याच परिसरातील दोन वास्तू गेल्या शतकातील औद्योगिक पुण्याशी थेट नाते सांगतात. एक म्हणजे १९२३ मध्ये खुला झालेला ‘लॉइड ब्रिज’, लोकांच्या तोंडी ‘नवा पूल’ आणि आजचा छत्रपती शिवाजी पूल. पेठांतून शिवाजीनगर व पुढे खडकीकडे जाणारी वाट या पुलावरून जाते. दुसरी म्हणजे पेठेच्या सीमेलगत अप्पा बळवंत चौकाजवळ असलेले ‘प्रभात’ चित्रपटगृह, ज्याला पुढे ‘किबे लक्ष्मी’ हे नाव मिळाले. पुलापलीकडच्या खडकीत १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. चित्रपटगृहाच्या नावात प्रभात फिल्म कंपनीची आठवण दीर्घकाळ टिकून राहिली.

या दोन उद्योगांच्या कथा मराठी वाचकाला स्वतंत्रपणे परिचित आहेत. त्यांचा एकत्र विचार मात्र क्वचितच झाला आहे. दोन्ही उद्योग दक्षिण महाराष्ट्रात संस्थानी मुलखात वाढले. दोन्हींचे संस्थापक प्रामुख्याने स्वशिक्षित तंत्रज्ञ होते. दोन्ही ठिकाणी शिस्त, निष्ठा आणि आपलेपणा यांवर आधारलेली कार्यसंस्कृती निर्माण झाली. तरीही एक उद्योग पिढ्यानपिढ्या चालत राहिला, तर दुसरा अवघ्या चोवीस वर्षांत बंद पडला. हा फरक कशामुळे पडला, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. संस्थापकाचा चांगला स्वभाव संस्था उभी करण्यास पुरेसा ठरतो. ती टिकण्यासाठी मात्र त्या स्वभावाचे संस्थेच्या रीतीत रूपांतर व्हावे लागते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. स्वभावाचा जो भाग रीतीत उतरत नाही तो संस्थापकाबरोबर जातो, हे किर्लोस्करवाडीच्या बाबतीतही दिसून येते.

येथे ‘तंत्रउद्योग’ हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे. १९०३ मधील लोखंडी नांगर आणि १९३२ मधील बोलपट या आपापल्या काळातील नव्या तंत्राच्या वस्तू होत्या. ज्यांनी त्या घडवल्या, त्यांना वस्तूबरोबरच ती घडवणारी माणसेही घडवावी लागली.

१. पेठांतील चर्चा आणि माळावरचा कारखाना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औद्योगिकीकरणाची वैचारिक मांडणी पुण्यात जोमाने होत होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली. १८९२ मध्ये त्यांनी डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर प्रसिद्ध व्याख्यान दिले. महादेव बल्लाळ नामजोशी यांच्यासारखे कार्यकर्ते उद्योग व तंत्रशिक्षणाच्या प्रसारासाठी धडपडत होते. देशाचे दारिद्र्य शेतीवरील वाढत्या भारातून येते आणि त्यावर उद्योगवाढ हाच उपाय आहे, हा विचार त्यामुळे सुशिक्षितांत रुजला. पुण्याच्या परिसरात मोठा यांत्रिक कारखाना नव्हता असे नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू होता. पण तो सरकारी व लष्करी होता. तेथे रोजगार मिळे, मात्र उद्योजकता शिकण्याची ती जागा नव्हती.

पुण्यात विचार मांडला जात असताना प्रत्यक्ष प्रयोग बेळगावात चालू होता. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. रंग ओळखण्यातील दोषामुळे ती वाट बंद झाली. मग यांत्रिक आरेखन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेल्याचा सल मनात घेऊन त्यांनी ती नोकरी सोडली. बेळगावात वडीलबंधू रामुअण्णांच्या साथीने सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर असा त्यांचा क्रम आहे. किर्लोस्कर ब्रदर्स ही संस्था आपली स्थापना १८८८ पासून मोजते.

लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे चरित्रलेखनात सांगितले जाते. हा प्रसंग बहुधा शेतकऱ्यांच्या अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून उद्धृत होतो. आपण तो वेगळ्या दृष्टीने पाहू शकतो. ज्याची सगळी गुंतवणूक बैलजोडी व जमीन एवढीच आहे, त्याने अनोळखी अवजारावर लगेच विश्वास का ठेवावा? तो विश्वास मिळवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर होती. जाहिरातीइतकेच महत्त्व अवजार शेतात चालवून दाखवण्याला, तक्रार ऐकून घडणीत बदल करण्याला आणि सुटे भाग पुरवण्याला आले. ग्राहकाचा संशय हाच संस्थेचा पहिला शिक्षक ठरला.

बेळगाव नगरपालिकेच्या विस्तारामुळे कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी मदतीला आले. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जागा आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंगाने भरलेल्या व सापांचा वावर असलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसू लागली. रेल्वेचे सान्निध्य हा या जागेचा एकमेव उघड फायदा होता. माणसे, पाणी, रस्ते, घरे यांपैकी काहीही तयार नव्हते. म्हणून कारखान्याबरोबर गावही वसवावे लागले, आणि कार्यसंस्कृतीचा प्रश्न पहिल्या दिवसापासून जगण्याच्या प्रश्नाशी जोडला गेला.

२. माणसांची निवड

किर्लोस्करवाडीच्या आरंभीच्या मंडळींकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्यापैकी फारच थोड्यांकडे पदव्या होत्या. शंभुराव जांभेकर यंत्रकामात, मंगेशराव रेगे हिशेबात, अनंतराव फळणीकर यंत्रे घडवण्यात आणि के. के. कुलकर्णी अंगावर येईल त्या कामात लक्ष्मणरावांचे सहकारी होते. फळणीकरांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते. वसाहतीची व्यवस्था रामुअण्णांनी सांभाळली. लक्ष्मणराव स्वतःही विद्यापीठाची पायरी चढलेले नव्हते. आपल्याला जे पुस्तकातून व हाताने उमगले ते दुसऱ्यालाही उमगू शकेल, हा विश्वास या निवडीच्या मुळाशी होता.

याच विश्वासाचे अधिक धाडसी रूप पहाऱ्याच्या व्यवस्थेत दिसते. तुरुंगवास भोगून आलेल्या, दरोडेखोर म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी वसाहतीची राखण सोपवली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजगटांना जन्मानेच संशयित ठरवण्याची वृत्ती शासनात रुजवली होती. त्या पार्श्वभूमीवर या कृतीचा अर्थ मोठा आहे. तो निव्वळ दयाभावाचा प्रकार नव्हता. माळरानावर चोरीचे भय खरे होते आणि त्या मुलखाची खडान्खडा माहिती याच माणसांना होती. माणुसकी आणि व्यवहार यांचा असा मेळ लक्ष्मणरावांच्या अनेक निर्णयांत आढळतो. अस्पृश्यता न पाळण्याचा वसाहतीतील दंडकही याच जातीचा होता. भट्टी, ओतकाम आणि जोडकाम यांत माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात. तेथे स्पर्शाचे सोवळे पाळले तर काम थांबते.

मात्र येथेच एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या हकिकती आपल्यापर्यंत प्रामुख्याने कुटुंबीयांच्या लेखनातून आल्या आहेत. शं. वा. किर्लोस्करांचे ‘यांत्रिकाची यात्रा’ हे चरित्र आणि शंतनुरावांचे १९८२ मधील ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे आत्मचरित्र मोलाचे आहे. तरीही ज्याच्यावर विश्वास टाकला गेला, त्याने तो प्रसंग कसा अनुभवला हे त्यांत त्याच्या शब्दांत येत नाही. संस्थापकाच्या औदार्याची कथा संस्थापकाच्या बाजूने सांगितली जाते. तिचे मूल्य नाकारण्याचे कारण नाही. ती अपुरी आहे एवढे ध्यानात ठेवावे.

३. वसाहत : आपलेपणा आणि त्याची मर्यादा

कारखान्याभोवती आदर्श वसाहत वसवण्याची कल्पना त्या काळी जगात नवी राहिली नव्हती. इंग्लंडमध्ये साबण उत्पादक लीव्हर बंधूंचे पोर्ट सनलाइट १८८८ पासून आकार घेत होते. कॅडबरी कुटुंबाचे बोर्नव्हिल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात वसू लागले. आपल्याकडे टाटांच्या पोलाद कारखान्याभोवती जमशेदपूर याच सुमारास उभे राहत होते. या सर्व वसाहतींत एक समान धागा होता. मालक हा कुटुंबप्रमुख, कामगार हे त्याचे कुटुंबीय, आणि घर, आरोग्य, शाळा व करमणूक ही त्या कुटुंबाची सामायिक व्यवस्था.

किर्लोस्करवाडीत हा आपलेपणा खराखुरा होता असे मानण्यास जागा आहे. मालक व कामगार एकाच माळावर राहत, एकाच टंचाईला तोंड देत. संस्थापक स्वतः हात काळे करून काम करीत असे. परंतु कुटुंबाच्या रूपकात एक अडचण दडलेली असते. कुटुंबात मागणी करता येते, हक्क सांगता येत नाही. वडीलकीच्या नात्यात मिळालेली सवलत वडीलधाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहते. १९२६ चा कामगार संघटना कायदा व १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा यांनी कामगाराला मर्जीच्या बाहेरचे स्थान दिले, तेव्हा देशातील अशा सर्वच वसाहतींना आपल्या नात्याची भाषा बदलावी लागली.

वसाहतीला आणखी एक सीमा होती, ती भोवतालच्या समाजाची. कुंडल हे स्वातंत्र्यलढ्यातील प्रतिसरकारच्या चळवळीचे महत्त्वाचे केंद्र होते आणि जी. डी. लाड यांच्यासारखे कार्यकर्ते तेथले. भोवतालचा मुलूख राजकीय व सामाजिक दृष्ट्या ढवळून निघत होता. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाल्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर व मालमत्तेवर हल्ले झाले. त्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचेही मोठे नुकसान झाले. आत जोपासलेली समरसता बाहेरच्या ताणापासून संस्थेचे रक्षण करू शकली नाही. कोणतीही कार्यसंस्कृती कुंपणाच्या आत पूर्ण होत नाही, हा या घटनेचा कठोर धडा आहे.

तरीही कारखाना पुन्हा उभा राहिला. यामागे केवळ मालकाची जिद्द होती असे म्हणणे अपुरे ठरेल. इमारत जळाली तरी साचे कसे बनवावे, माल कसा तपासावा, सुटे भाग कोणाला पाठवायचे आहेत, येणी कोणाकडे आहेत हे जाणणारी माणसे शिल्लक होती. ज्ञान एका डोक्यात साठवलेले नसल्यामुळे संस्थेला दुसरा जन्म घेता आला.

४. छापील शब्दाचे कार्य

किर्लोस्कर ब्रदर्स मर्यादित कंपनी म्हणून नोंदली गेली ती १९२० मध्ये. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू झाले. या दोन घटनांचा एकत्र विचार फारसा होत नाही. पण संस्थेच्या घडणीत त्या एकमेकींना पूरक आहेत. नोंदणीने संस्थेला व्यक्तीपासून वेगळे कायदेशीर अस्तित्व दिले. नियतकालिकाने तिला वेगळा आवाज दिला.

‘खबर’चा आरंभीचा हेतू व्यापारी होता. अवजारांची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचवावी, एवढाच. संपादक शं. वा. किर्लोस्कर यांनी त्याला पुढे वाङ्मयीन व समाजसुधारणेच्या मासिकाचे रूप दिले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ यांची भर पडली. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात या तीन मासिकांचे स्थान सर्वमान्य आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व निराळे आहे. नांगराच्या कारखान्याने आपल्या ग्राहकाला वाचक मानले, ही ती गोष्ट. वाचक पत्र लिहितो, मतभेद नोंदवतो, चूक दाखवतो. ज्या संस्थेला बाहेरून पत्रे येण्याची सवय लागते, तिला आपल्याच स्तुतीत रमणे अवघड जाते.

लक्ष्मणरावांना वाचनाचा नाद होता, परदेशी तांत्रिक नियतकालिके ते आवडीने चाळत. हा व्यक्तीचा छंद होता. त्यांच्या हयातीतच त्याचे संस्थेच्या नियमित उपक्रमात रूपांतर झाले. पुढच्या पिढीच्या शिक्षणाचा निर्णयही याच वृत्तीतून आला. १९०३ मध्ये जन्मलेले शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे शिकून १९२६ मध्ये पदवीधर झाले. पदवी नसलेल्या बापाने मुलाला पदवीसाठी सातासमुद्रापार पाठवले. आपल्या पद्धतीने जेथवर जाता आले त्याच्या पुढे जाण्यासाठी वेगळी पद्धत लागेल, याची ती कबुली होती.

५. वस्तू बदलली, ग्राहक राहिला

किर्लोस्करवाडीच्या उत्पादनांची यादी पाहिली तर ती विस्कळीत वाटते. नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, भुईमूग फोडण्याचे यंत्र, उसाचा चरक, पाण्याचे पंप, लोखंडी फर्निचर. पण फर्निचर वगळता बहुतेक वस्तूंच्या टोकाला एकच माणूस उभा आहे, तो म्हणजे दख्खनचा शेतकरी. त्याचे काम बदलत गेले तशी अवजारे बदलली. कोरडवाहू शेतीला नांगर लागला. विहिरी वाढल्या तेव्हा पंप लागला. पंप चालवायला इंजिन लागले. १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रावजारांचा, १९४६ मध्ये बंगळूर येथे विद्युत यंत्रांचा आणि त्याच वर्षी खडकी येथे तेल इंजिनांचा उद्योग सुरू झाला. १९६२ मध्ये अमेरिकी कमिन्स कंपनीच्या भागीदारीत कोथरूडला किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाली. मूळ संस्था मात्र आज पंपांसाठी ओळखली जाते. ज्या नांगराने नाव मिळवून दिले, तो केव्हाच मागे पडला.

तंत्रउद्योगाच्या टिकण्याचे हे मर्म मानावे लागेल. वस्तूवर प्रेम करणारी संस्था वस्तूबरोबर जुनी होते. ज्याच्यासाठी वस्तू केली त्याच्या गरजेकडे लक्ष ठेवणारी संस्था वस्तू सोडू शकते. नांगराच्या पहिल्या दोन वर्षांत लागलेली ऐकण्याची सवय येथे कामी आली.

६. प्रभात : गुणवत्तेची दुसरी कथा

आता शनिवार पेठेच्या दुसऱ्या टोकाला, चित्रपटगृहाकडे वळू. प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले कलावंत-तंत्रज्ञ, तर भांडवलाची बाजू सीतारामपंत कुलकर्णी यांनी उचलली. ज्या पेंटरांनी चित्रीकरणाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्यांच्या हाताखाली ही मंडळी शिकली होती. दामल्यांचे ध्वनिमुद्रणातील व यंत्रांतील कौशल्य, फत्तेलालांचे कलादिग्दर्शन, धायबरांचे छायालेखन आणि शांतारामांचे दिग्दर्शन अशी ही परस्परपूरक जुळणी होती. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली आणि तिने स्वतःची सुसज्ज चित्रनगरी उभारली.

प्रभातची कार्यसंस्कृती किर्लोस्करवाडीशी अनेक बाबतींत मिळतीजुळती होती. कलावंत व तंत्रज्ञ पगारी होते. वेळेची शिस्त कडक होती. मालक स्वतः कारागीर असल्याने कामाचा दर्जा हीच ओळख होती. अपयश पचवण्याची ताकदही या संस्थेत होती. ‘सैरंध्री’ (१९३३) रंगीत करण्यासाठी जर्मनीत केलेला प्रयत्न फसला. त्या प्रवासात मिळालेल्या तांत्रिक ज्ञानाचा उपयोग लगेच ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये झाला. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) चा १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरव झाला. ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ यांनी मराठी समाजाला आपले प्रश्न पडद्यावर दाखवले.

अशी संस्था का टिकली नाही? १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात धायबर बाहेर पडले. १९४२ मध्ये शांताराम गेले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर काढले. १९४५ मध्ये दामल्यांचे निधन झाले. मधल्या काळात ‘रामशास्त्री’ (१९४४) सारखी दर्जेदार निर्मिती झाली. पेशवाईतील न्यायनिष्ठेची ती कथा पाहताना शनिवार पेठेतील प्रेक्षकाला आपल्याच अंगणातला इतिहास दिसला असेल. गुरुदत्त व देव आनंद यांच्यासारखे तरुण प्रभातमध्ये उमेदवारीला आले, भेटले आणि पुढे मुंबईला गेले. १९५३ मध्ये कंपनी बंद झाली.

युद्धोत्तर काळात चित्रपटव्यवसायात आलेला नवा पैसा, नट-नट्यांचे वाढते मोल आणि पगारी स्टुडिओ पद्धतीची झालेली पडझड ही कारणे खरी आहेत. न्यू थिएटर्स, बॉम्बे टॉकीज यांचीही तीच गत झाली. परंतु बाह्य कारणांबरोबर अंतर्गत रचनेचाही विचार केला पाहिजे. प्रभातमध्ये ज्ञान, अधिकार आणि भांडवल हे तिन्ही भागीदारांच्या व्यक्तित्वात एकवटले होते. एक भागीदार गेला की त्याच्याबरोबर एक अख्खा विभाग जाई. तो विभाग पुढे कोणी चालवावा, याची ठरलेली वाट नव्हती. चित्रपट हा दर वेळी नव्याने मांडलेला डाव असतो. नांगराच्या ग्राहकाला फाळ बदलून देताना जे सततचे नाते राहते, ते प्रेक्षकाशी राखणे अवघड असते. प्रभातच्या संस्थापकांची गुणवत्ता किर्लोस्करांहून तसूभरही कमी नव्हती. ती त्यांच्या कलाकृतींत उतरली, संस्थेच्या रीतीत पुरेशी उतरली नाही.

येथे एक विरोधाभास नोंदवावासा वाटतो. प्रभात कंपनी संपली, पण तिच्या आवारात १९६० मध्ये केंद्र सरकारची चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. ज्या उमेदवारीची ठरलेली वाट कंपनीला घालता आली नाही, ती तिच्याच आवारात अभ्यासक्रमाच्या रूपाने आली. टिकणे म्हणजे केवळ ताळेबंद चालू राहणे नव्हे, हे प्रभातचे उदाहरण सांगते.

७. वारशाचा प्रश्न

किर्लोस्करांच्या बाबतीत सर्व काही रीतीत उतरले असेही म्हणता येत नाही. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. शंतनुरावांच्या हाती समूहाचा विस्तार झाला. १९९४ मध्ये त्यांचेही निधन झाले. पुढील पिढ्यांत समूहाची विभागणी झाली आणि कौटुंबिक मतभेद न्यायालयापर्यंत पोहोचले. उत्पादनाची, हिशेबाची व ग्राहकसंबंधांची रीत पक्की होती म्हणून कंपन्या चालू राहिल्या. परंतु वडीलकीने मिटणारे तंटे वडील गेल्यावर कसे मिटवायचे, याची रीत तितकी पक्की नव्हती. जे कायद्यात व कामाच्या पद्धतीत उतरले ते टिकले. जे केवळ व्यक्तीच्या शब्दाच्या वजनावर उभे होते ते त्या व्यक्तीबरोबर क्षीण झाले.

हा प्रश्न आज पुण्याला नव्याने भेडसावतो आहे. १९८८ मध्ये शासकीय पुढाकाराने प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, पुण्यात स्थापन झाले. १९९० मध्ये आनंद देशपांडे यांनी पर्सिस्टंट सिस्टिम्सची स्थापना केली. त्याच वर्षी रवी पंडित व किशोर पाटील यांच्या पुढाकारातून केपीआयटीचा उदय झाला. पर्सिस्टंटने २०१० मध्ये भांडवल बाजारात प्रवेश केला आणि पुढे दैनंदिन कारभाराची धुरा संस्थापकाबाहेरच्या व्यावसायिक प्रमुखाकडे गेली. संस्थापकाने हयातीतच कारभार दुसऱ्याच्या हाती देणे हे स्वभावाचे रीतीत रूपांतर करण्याचे एक आधुनिक साधन आहे. ते कितपत यशस्वी ठरते, याचा निवाडा पुढचा इतिहासकार करील.

मात्र नव्या कार्यालयांतही ‘आपण सारे एक कुटुंब’ ही भाषा ऐकू येते. ती ऐकताना किर्लोस्करवाडीचा अनुभव आठवावा. माळावर एकत्र राहून एकच पाणी पिणाऱ्यांच्या तोंडी त्या शब्दाला काही आशय होता. तेथेही तो हक्काची जागा घेऊ शकला नाही. जेथे मालकाची कामगाराशी गाठभेटही होत नाही, तेथे तो शब्द नुसता अलंकार ठरण्याचा धोका अधिक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ज्ञान अनेक हातांत वाटले गेले तर संस्था आघात सोसू शकते. १९४८ नंतरची किर्लोस्करवाडी आणि १९४२ नंतरची प्रभात यांतील फरक मुख्यतः येथे आहे. दुसरी, ग्राहकाचा संशय व तक्रार ऐकण्याची सवय नियमित व्यवस्थेत उतरली तर संस्था आपली वस्तू बदलू शकते. तिसरी, आपलेपणाचे हक्कात आणि वडीलकीचे नियमात रूपांतर झाले नाही तर तो आपलेपणा संस्थापकाच्या आयुष्याइतकाच टिकतो.

इतिहासाच्या अध्यापकांपुढे यातून एक कामही उभे राहते. प्रभातचे चित्रपट जतन झाले आणि शांतारामांनी ‘शांतारामा’ लिहिले. किर्लोस्करांची चरित्रे आहेत, मासिकांचे अंक ग्रंथालयांत आहेत. परंतु नव्या पुलावरून सायकलने खडकीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या जोडाऱ्याने, ओतकाम्याने, हिशेबनिसाने हा इतिहास कसा जगला, याकडे अभ्यासकांचे लक्ष फार कमी गेले आहे. त्यांच्यापैकी अनेकांची घरे पेठांत व उपनगरांत आहेत. त्यांची मुले-नातवंडे आपल्याच महाविद्यालयांत शिकत आहेत. विद्यार्थ्यांकरवी त्यांच्या आठवणी, हजेरीपुस्तके, पगारपत्रके, सेवानिवृत्तीची मानपत्रे गोळा करता येतील. संस्थापकाचा स्वभाव चरित्रात सापडतो. संस्थेची रीत मात्र तिच्यात आयुष्य घालवलेल्या माणसांकडेच विचारावी लागते, आणि ती माणसे आता वयोवृद्ध झाली आहेत.